कर्नाळ्याच्या पायथ्याचा पिवळा रोलर

अब्दुल्ला मुकादम यांचा विश्वास कशावरच नव्हता. गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्याला दारात उभं करून ते त्याचं सील नखाने खरवडून बघत. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या की पुण्याला लेकीला, झेबाला, फोन: "नाव वाचतो, बघून सांग हीच का ती." मोहल्ल्यात कुणी आपण होऊन सलाम केला तर ते सलाम परत करत, आणि पुढची पन्नास पावलं याला आपल्याकडून काय हवं असेल, याचा विचार करत चालत. त्यांची बायको सफूरा हिने पनवेलच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला होता. ती म्हणायची, "यांना जन्नतच्या दारात नेऊन उभं केलं ना, तर आधी विचारतील, मला आत सोडताय ते का म्हणून."

हा स्वभाव जन्मापासूनचा नव्हता, मस्कतहून आणलेला होता. तिथे बांधकामाच्या एका कचेरीत मुकादम बावीस वर्षं नकाशे काढत होते. ट्रेसिंग कागदावर शाईने काढलेली रेघ ब्लेडने हलकेच खरवडली की निघते, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. एका सहकाऱ्याने मुकादमांच्या नकाशाच्या कोपऱ्यातली त्यांच्या नावाची अक्षरं अशीच खरवडली, त्यावर स्वतःची काढली आणि साहेबांची शाबासकी घेऊन गेला. मुकादमांनी कुणाकडे तक्रार केली नाही. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक नकाशात एक खोटी वस्तू घालायला सुरुवात केली. गाड्यांच्या तळावर एक झाड जास्त. कुंपणाला एक फाटक जास्त. कुणी नक्कल केली तर ती त्या खोट्या झाडासकट करणार, आणि मग चोर पकडायला वेळ लागणार नाही. पुढच्या काळात एकही चोर सापडला नाही, पण मस्कतमधल्या दोन-तीन कंत्राटदारांनी ती झाडं खरोखर लावली म्हणतात.

दर दोन वर्षांनी घरी येताना ते खिडकीची जागा मागून घेत. विमान मुंबईला उतरायच्या आधी कधीकधी पनवेलच्या खाडीवरून वळायचं. मुकादम काचेला नाक लावून आपलं घर शोधायचे. बावीस वर्षांत एकदाही सापडलं नाही. कधी ढग, कधी पंख आड, कधी शेजारचा माणूस ओकायला लागलेला.

दोन हजार तीन साली ते कायमचे परत आले. वर्षभराने झेबाने आपला कंप्युटर घरी आणून ठेवला आणि त्यात फ्लाइट सिम्युलेटरची २००४ ची आवृत्ती घालून दिली. "अब्बा, यात अख्खी दुनिया आहे, पाहिजे तिथे विमान न्या." मुकादमांनी चार दिवस पुस्तिका वाचली, पाचव्या दिवशी जुहूच्या धावपट्टीवरून छोटं विमान उडवलं, ठाण्याची खाडी ओलांडली आणि पनवेलवर आले. तर पनवेल नव्हतंच! खाली हिरव्या रंगाचं एक ठिगळ, त्यावर कुठल्यातरी परमुलुखातल्या उतरत्या छपरांची घरं, आणि कर्नाळ्याचा किल्ला होता तिथे नुसता उंचवटा. अंगठ्यासारखा उभा असलेला तो सुळका, जो बघून अख्खा तालुका आपण घराजवळ आलो हे ओळखतो, तो गायब.

"मुद्दाम वगळलंय," मुकादम म्हणाले.

"कुणी?" सफूराने विचारलं.

"ज्यांनी बनवलं त्यांनी."

"त्या साहेबांना पनवेल माहीत असतं, तर वगळायचं सुचलं असतं ना!"

पण मग त्यांना कळलं की या खेळाचे शौकीन जगभर आहेत, आणि आपापल्या गावाचा देखावा घरी बसून बनवतात. इमारती, पूल, झाडं, सगळं एकेक करून तयार करायचं, फोटो काढून भिंतींवर चिकटवायचे आणि एका फोल्डरात बांधून संकेतस्थळावर ठेवायचं. दुसरा कुणीही ते उतरवून आपल्या खेळात जोडू शकतो. याला ते अ‍ॅड-ऑन सीनरी म्हणत. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारती कागदावर काढलेल्या माणसाला आणखी काय हवं?

पुढची चार वर्षं मुकादम मोजायची टेप आणि छोटा कॅमेरा घेऊन पनवेलभर फिरले. वडाळे तळ्याचा काठ पावलांनी मोजला. एसटी स्टँडचं छप्पर, बाजारातल्या दुकानांच्या पाट्या, मशिदीच्या मिनारावरचा वाकडा भोंगा, काहीही सोडलं नाही. सुळक्यासाठी तर ते गुडघेदुखी असताना कर्नाळ्याला पाच वेळा गेले, चारी बाजूंनी फोटो काढले. आणि सवयीप्रमाणे, सुळक्याच्या पायथ्याशी, जिथे साधी पायवाटदेखील जात नाही अशा दाट झाडीत, एक पिवळा रोड रोलर उभा करून ठेवला. अशा आणखीही काही खोट्या वस्तू होत्या. कुठे आणि किती, ते सफूरालाही सांगितलं नव्हतं.

या चार वर्षांत एकदा गाढी नदीच्या पुलाचे फोटो काढताना कुणीतरी तक्रार केली. वर्तमानपत्रांत रोज स्फोटांच्या बातम्या असण्याचे ते दिवस. दाढीवाला माणूस पुलाचे खांब मोजतोय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजलं. एक हवालदार घरी आला. मुकादमांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि कंप्युटरवर सगळं पनवेल फिरवून दाखवलं. हवालदार अर्धा तास बघत राहिला, मग म्हणाला, "आमच्या चौकीचा पत्रा निळा आहे. तुम्ही हिरवा दाखवलाय." मुकादमांनी दुसऱ्या दिवशी निळा केला. प्रकरण तिथेच मिटलं. पण तक्रार करणारा ओळखीचाच होता, इतकंच हवालदाराच्या तोंडून निसटलं होतं, नाव निघालं नाही. पुढे वर्षभर मुकादम ज्याच्याकडून ब्रेड घेत, त्याच्या तोंडाकडेही निरखून बघत.

दोन हजार आठ साली सीनरी पुरी झाली. लोकांनी ती उतरवून घेतली. दोह्याला नोकरी करणारा उरणचा एक ओवेस नावाचा मुलगा, ज्याला मुकादमांनी कधी पाहिलं नव्हतं, त्याने लिहिलं की चाचा, जुम्म्याला सुट्टी असते, मी दर जुम्म्याला तुमच्या पनवेलवरून एक चक्कर मारतो. मुकादमांनी ते पत्र छापून घेतलं आणि कपाटात कुलपात ठेवलं. का कुलपात, ते विचारू नये.

आणि नेमकं तेव्हाच सगळ्या जगाने खेळाची आवृत्ती बदलली. नवी आवृत्ती आली होती दोन वर्षं आधीच, पण तिला ताकदवान कंप्युटर लागायचे. हळूहळू ते लोकांकडे आले, आणि लोक नव्या घरात राहायला गेले. जुनी सीनरी नव्या खेळात जोडता येत होती, नाही असं नाही. पण जमिनीची उंची दोन्हींत वेगळी धरलेली, म्हणून मुकादमांची घरं जमिनीपासून पुरुषभर वर तरंगायची. झाडांभोवतीची पारदर्शक जागा काळी पडायची, म्हणजे आंब्याच्या झाडाऐवजी काळ्या पाटीवर काढलेलं आंब्याचं झाड. तळ्याचं पाणी तर बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकायचं. ओवेसने लिहिलं, "चाचा, नवा लॅपटॉप घेतला. तुमचं पनवेल यात नीट चालत नाही. नव्याचं कधी बनवताय?"

बनवायचं म्हणजे एकेक इमारत उघडून नव्या पद्धतीने पुन्हा बांधायची. हजारावर इमारती. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच महिन्यात सांगितलं होतं, काचबिंदू आहे. थेंब घाला, आणि पडद्यासमोर दिवसाला एक तास, त्यावर एक मिनिट नाही. सफूरा गजराचं घड्याळ लावून ठेवायची आणि ते वाजलं की सरळ जाऊन बटण बंद करायची. तासाच्या हिशोबाने मुकादमांना पनवेल पुन्हा बांधायला अकरा वर्षं लागली असती. डोळे तेवढे टिकणार नव्हते. थोडक्यात, जुने कंप्युटर जसे भंगारात जातील, तसतसं त्यांचं पनवेल जगातून पुसलं जाणार होतं.

अशा वेळी दारात उभा राहिला धर्मराज घरत. कामोठ्याचा, पस्तिशीचा, गावातल्या आगरी कुटुंबातला. शेतावर नव्या शहराचे सेक्टर उभे राहिल्यावर वाट्याला आलेल्या गाळ्यात कंप्युटरचा क्लास चालवायचा. हाही विमानवाला.

"चाचा, तुमच्या मूळ फायली मला द्या," तो म्हणाला. "मी नव्या व्हर्जनला करून देतो. माझ्याकडं वेळ हाय, मशीन हाय. नाव तुमचंच राहील."

मुकादमांनी त्याच्याकडे सिलिंडरच्या सीलकडे बघावं तसं बघितलं. "तुला यातून काय?"

"काय नाय. माझं पण गाव दिसलं पायजे ना. कामोठ्यापर्यंत तुमची सीनरी येतच नाय, खाडीपाशीच संपते."

"मग तू कामोठं बनव."

"बनवीन. पण पनवेल तुमचं इतकं चांगलं असताना—"

"बघू," मुकादम म्हणाले. सफूराने चहा टाकला होता. तो होईपर्यंतही त्यांनी पाहुण्याला बसू दिलं नाही.

धर्मराज पायऱ्या उतरताना म्हणाला, "बरं चाचा. मग मी माझ्या हातानंच सगळं नवीन बनवतो. मग नका बोलू विचारलं नाय."

या शेवटच्या वाक्यावर मुकादमांनी आठ महिने विचार केला. साधं वाक्य, पण त्यांना त्यात धमकी दिसली. आणि आठ महिन्यांनी, दोन हजार दहाच्या दिवाळीनंतर, संकेतस्थळावर नवी सीनरी आली: पनवेल आणि कामोठे, नव्या आवृत्तीसाठी, बनवणारा धर्मराज घरत.

झेबाने तोवर नवा कंप्युटर पाठवला होता आणि त्यात नवी आवृत्ती होती. मुकादमांनी धर्मराजची सीनरी उतरवली, जोडली, विमान घेतलं आणि कशाकडेही न बघता थेट कर्नाळा गाठला. सुळक्याला वळसा घातला. खाली वाकून झाडीत पाहिलं.

पिवळा रोलर उभा होता.

"सफूरा!" त्यांनी अशी हाक मारली की ती हातातलं भांडं घेऊनच धावत आली. "बघ! हा बघ! सापडला!"

"कोण?"

"चोर! हा रोलर माझा आहे. तीस वर्षं मी याची वाट बघतोय!"

सफूराने चष्मा सारखा केला. रोलर होता खरा. आणि भोवतालची झाडं काळ्या पाट्यांवर चिकटवलेली होती. मुकादमांनी तेही दाखवलं. "ही झाडंसुद्धा माझीच. जशीच्या तशी उचलली. धड साफही करता आली नाहीत त्याला."

"इतका शिकलेला मुलगा, क्लास चालवतो, आणि काळी झाडं तशीच ठेवील?" सफूरा म्हणाली.

"चोराला घाई असते."

घड्याळ वाजायच्या आत त्यांनी त्या रोलरचा फोटो काढला, संकेतस्थळाच्या चर्चेच्या फलकावर लावला आणि खाली इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले. मस्कतच्या कचेरीतल्या पत्रव्यवहाराचं इंग्रजी ते. त्यात दया नव्हती. फलकावर लोक भराभर जमले. खोटा रोलर ही युक्ती सगळ्यांना भारी आवडली. संध्याकाळपर्यंत संकेतस्थळाच्या चालकांनी धर्मराजची सीनरी चौकशी होईतो काढून टाकली. एकाच माणसाने, कुठल्यातरी थंड देशातल्या, लिहिलं की माझ्याकडे हीच सीनरी आहे, पण मला काही रोलर दिसत नाही.

"हा धर्मराजच आहे, दुसऱ्या नावाने," मुकादम म्हणाले.

"तो माणूस बर्फाचे फोटो टाकतो फलकावर. कामोठ्यात बर्फ पडतो?"

"फोटो काय, कुणाचेही लावता येतात."

"अहो, तो पुलावरचा दिवस आठवतोय? तुमच्याबद्दल असंच बोलत होते लोक. फोटो काढतो म्हणजे नक्कीच काहीतरी असणार."

"ते वेगळं होतं," मुकादम म्हणाले.

दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी धर्मराज आला. दारातच, ओट्याच्या डाव्या बाजूला, चपला काढल्या. चेहरा असा की सफूराने सलामही अर्धाच केला.

"चाचा, काल माझ्या क्लासमधली पोरगी मला विचारते, सर तुमी चोरी केली काय. तिचे वडील पण कामोठ्यातच राहतात. त्यांना कोण सांगणार रोलर म्हंजे काय नि सीनरी म्हंजे काय? त्यांना एवढंच कळतं, सर चोर हाय."

"रोलर कुठून आला?" मुकादम.

"मी रोलर ठेवलेला नाय."

"ठेवलेला नाहीस, माझा उचललास."

"दाखवा."

मुकादमांनी विमान सुरू केलं. मागे एका बाजूला धर्मराज, एका बाजूला सफूरा. खाडी आली, पनवेल आलं, सुळका आला. आणि रोलर, पिवळाधमक, काळ्या झाडांमध्ये.

"आता बोल."

धर्मराजचं रोलरकडे लक्षच नव्हतं. तो सुळक्याकडे बघत होता. "जरा जवळ घ्या. आणखी. चाचा, तुमचा सुळका थरथरतोय, दिसतं काय?"

थरथरत होता खरा. कातळाचे दोन रंग एकमेकांत घुसत होते, कधी तांबूस वर, कधी करडा.

"एका जागी दोन सुळके हायत म्हणून थरथरतो," धर्मराज म्हणाला. "एक माझा. दुसरा कुणाचा? आता बाजारावर चला."

बाजारावर आले. प्रत्येक दुकान दोनदा होतं. एक जमिनीवर, आणि त्याच्यातूनच उगवल्यासारखं दुसरं, पुरुषभर वर. मुकादमांनी इतके दिवस हे बघितलंच नव्हतं. कर्नाळ्याला जायचं, रोलर बघायचा, परत यायचं, तासाभरात याहून जास्त काही होत नसे.

"सीनरीची यादी उघडा," धर्मराज म्हणाला.

या खेळात एक यादी असते, कुठल्या सीनरी सध्या चालू आहेत त्याची. जी हवी तिच्यापुढे टिक. एकावर एक थर असतात ते. वरचा थर खालच्याला झाकतो, पण सगळाच झाकत नाही. मुकादमांनी यादी उघडली. सगळ्यात वर धर्मराजची सीनरी. तिच्या खाली, टिक केलेली, त्यांची स्वतःची. २००४ ची.

नवा कंप्युटर आला त्याच आठवड्यात त्यांनी ती जोडून पाहिली होती, किती बिघडते ते बघायला. बिघडलेलं बघून जीव इतका जळला की यादी बंद केली आणि पुन्हा कधी उघडलीच नाही. टिक तशीच राहिली.

दुसऱ्यांच्या सिलिंडरची सीलं खरवडणाऱ्या माणसाने स्वतःचीच सीनरी स्वतःच जोडून ठेवली होती, आणि वरच्या थराखालून डोकावणाऱ्या स्वतःच्याच रोलरला पुरावा म्हणून जगभर फिरवलं होतं.

"तू काढ ती टिक," मुकादम म्हणाले.

धर्मराजने दोन्ही हात मागे बांधले. "नाय चाचा. तुमीच काढा. मी हात लावला तर उद्या बोलाल, यानंच काहीतरी केलं."

सफूराने तोंडावर पदर धरला. हसू की काय ते कळलं नाही.

मुकादमांनी टिक काढली. पडद्यावर पट्टी सरकू लागली, सगळा देखावा नव्याने भरू लागला. विमान पुन्हा कर्नाळ्यावर आलं तेव्हा सुळका एकच होता, करडा, स्थिर. झाडं हिरवीगार. झाडीत कुठेही रोलर नव्हता.

मुकादम बराच वेळ शोधत राहिले. आणि तेव्हा त्यांच्या आत जे झालं, ते त्यांनी पुढे फक्त सफूराला सांगितलं. त्यांना हायसं वाटायला हवं होतं की चोरी झाली नाही, वाटलं उलटंच. कारण गेले दोन आठवडे, संतापाच्या खाली कुठेतरी, ते खूश होते. चोरून का होईना, रोलर नव्या आवृत्तीत पोचला होता. आता कळलं की पोचला नव्हता. विमान मोहल्ल्यावर आलं. धर्मराजने कामोठ्याच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतली कपड्यांची दोरीसुद्धा दाखवली होती, पण पनवेलच्या गल्ल्या त्याने वरवर भरलेल्या. मिनारावर भोंगा नव्हता. मुकादमांच्या घराच्या जागी नुसतं मोकळं मैदान.

"इथे माझं घर आहे," मुकादम म्हणाले.

"मला माप कुठं होतं?" धर्मराज म्हणाला. "मागितलं होतं."

सफूरा चहा ठेवायला उठली. धर्मराज म्हणाला, "नको चाची," आणि चपला घालून गेला.

मुकादमांनी त्याच दिवशी फलकावर माफी लिहिली. या वेळी परिच्छेद चार नव्हते, एकच, आणि तो सफूराने सांगितला तसा. कारण मुकादमांच्या पहिल्या मसुद्यात "तरीही" हा शब्द तीनदा आला होता. दोन दिवसांत धर्मराजची सीनरी परत लागली. थंड देशातल्या त्या माणसाने माफीखाली हसरा चेहरा टाकला. मुकादमांना तो चेहरा खोचक वाटला, पण बोलले नाहीत.

मग कपाटाचं कुलूप उघडलं. ओवेसच्या पत्राखाली मूळ फायलींच्या चार सीडी होत्या. मुकादम त्या घेऊन एकटेच रिक्षाने कामोठ्याला गेले. क्लासमध्ये बॅच चालू होती. धर्मराजने काचेतून पाहिलं आणि शिकवणं चालू ठेवलं. मुकादम बाहेरच्या बाकावर बसले. पाऊण तास. समोरून येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघत होते, हा म्हातारा कोण, इथे कशाला बसलाय, पिशवीत काय आहे. मुकादम त्यांची नजर चुकवून समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे बघत बसून राहिले.

बॅच सुटल्यावर मुलं बाहेर पडली. मुकादम दारातच थांबले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मीच तो, तुमच्या सरांना चोर म्हणालो तो. चूक माझी होती. घरी सांगा." मुलं एकमेकांकडे बघत पांगली. धर्मराज फळा पुसत होता; त्याचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"या बसा," तो म्हणाला. सीडी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या. "यांत आणखी किती रोलर हायत?"

मुकादमांनी खिशातून कागद काढला. पहिल्यांदाच हे कुणाला सांगत होते. "रोलर धरून सहा. तळ्याच्या काठावरचा तिसरा दिवा. स्टँडमागची टाकी. खाडीच्या धक्क्यावरची उलटी होडी..." सहाही वाचून दाखवले.

"सहाच?"

"सहाच," मुकादम म्हणाले. इतकं सगळं होऊनही सातवा त्यांनी ठेवून घेतला. माणूस एका आठवड्यात किती बदलणार?

धर्मराजला सात महिने लागले. मधे दोन-चारदा फोन यायचा, मशिदीची उंची किती धरली, बाजारातल्या अमुक दुकानाची पाटी वाचता येत नाही. मुकादम तोंडपाठ सांगायचे. पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस फोन आला, "चाचा, उतरवून घ्या. आणि जुनी टिक काढलीय ना, ते आधी बघा."

मुकादमांनी ते खरोखर दोनदा बघितलं. मग उड्डाण केलं. पनवेल होतं. जमिनीवर टेकलेलं, तळं शांत, झाडं हिरवी, चौकीचा पत्रा निळा, भोंगा वाकडा. सीनरी बनवणाऱ्यांत आधी त्यांचं नाव, मग धर्मराजचं. मोहल्ल्यावर विमान खाली आणलं आणि बावीस वर्षं खिडकीतून जे दिसलं नव्हतं ते दिसलं, आपलं घर, आणि अंगणात ओट्याच्या डाव्या बाजूला एक माड.

त्यांनी फोन लावला. "सहा वस्तू काढल्यास?"

"पाच काढल्या. रोलर ठेवला, आता तो फेमस हाय. आणि सातवा पण ठेवला."

"कुठला सातवा?" मुकादमांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"तुमच्या अंगणातला माड. त्या जागेवर मी चपला काढल्या होत्या, चाचा. तिथं माड नाय."

मुकादम म्हणाले, "तू काही घातलंस का? आपल्या मनाने?"

पलीकडून नुसतं हसू आलं. "मला पण सवय लागली. कामोठ्यात एक हाय. शोधा." आणि फोन ठेवला.

झालं. मुकादमांनी विमान तसंच कामोठ्याकडे वळवलं. सेक्टरामागून सेक्टर, एका उंचीच्या इमारती, गॅलऱ्यांत कपडे. तीन फेऱ्या झाल्या. घड्याळ वाजलं तशी सफूरा आली आणि बटणाला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही बघ. ही बिल्डिंग खोटी आहे. सीडी द्यायला गेलो तेव्हा इथे मोकळा प्लॉट होता, मी बाकावरून बघत होतो."

"सात महिने झाले त्याला," सफूरा म्हणाली. "कामोठ्यात सात महिन्यांत बिल्डिंगच काय, तिच्या खाली दोन ट्यूशन क्लास आणि एक मेडिकलसुद्धा होतं. खरी असेल ती."

"असेल किंवा नसेल." मुकादम उठले, टोपी घातली. "कोण सांगणार? तोच? तो तर खरं सांगणारच नाही."

"कुठे निघालात?"

"रिक्षा बघतो. तू चप्पल घाल. आणि टेप कुठे ठेवलीस ती पण घे."